माळ्यावरचा ट्रान्झिस्टर आणि त्याचं जाणकार गिऱ्हाईक

वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होऊ लागल्या आणि घरोघरचे माळे खाली आले. पितळेचे डबे, दहावीच्या वह्या, पाहुण्यांसाठी ठेवलेली गादी, आणि या सगळ्यामागे जुन्या चादरीत गुंडाळलेला एखादा ट्रान्झिस्टर. कातडी कव्हरला बुरशी, अर्धवट बाहेर आलेली एरियल, सेलच्या खणात पांढरी पूड. घरातल्या तरुण मंडळींना तो ‘बंद आहे’ एवढंच माहीत असतं. भंगारवाला तो वजनावर घेऊन जातो. आणि नेमक्या त्याच मॉडेलच्या शोधात पुण्यातला, कोलकात्यातला किंवा जर्मनीतला कुणीतरी कित्येक वर्षं असतो.

भंगाराचा भाव आणि संग्राहकाचा भाव यांत जमीन-अस्मानाचं अंतर असू शकतं. ते अंतर ओलांडायला रेडिओ दुरुस्त करता यायलाच हवा असं नाही. तो ओळखता यावा लागतो, तपासता यावा लागतो आणि त्याच्याबद्दल खरं सांगावं लागतं.

नवी मुंबईच्या माळ्यांवर हे रेडिओ सापडावेत यात आश्चर्य नाही. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि पुढच्या दोन दशकांत वाशी, नेरूळ, बेलापूर इथे मुंबईच्या चाळींतून आणि क्वार्टर्समधून कुटुंबं राहायला आली. येताना त्यांनी आपला जुना रेडिओही आणला. आखाती देशांतून परतलेल्यांच्या आणि बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या सामानात सोनी, नॅशनल पॅनासॉनिक, ग्रुंडिग असत. देशी संचांमध्ये ठाण्याला तयार होणारा मर्फी, पुण्याजवळच्या कारखान्यातून येणारा फिलिप्स, बुश आणि नॅशनल-एको ही नावं घराघरांत होती.

यातल्या नॅशनल-एकोचा धागा तर थेट महापेपर्यंत येतो. १९४० साली मुंबईत नॅशनल एको रेडिओ अँड इंजिनिअरिंग कंपनी सुरू झाली. ‘एको’ हे इंग्लंडच्या ई. के. कोल कंपनीचं नाव. पुढे ही मुंबईची कंपनी ‘नेल्को’ म्हणून ओळखली जाऊ लागली. टाटा समूहातली हीच नेल्को आज महापेच्या एमआयडीसीत आहे आणि उपग्रहामार्फत संदेशवहनाचं काम करते. म्हणजे कोपरखैरण्याच्या एखाद्या घरात नॅशनल-एकोचा संच निघाला, तर तो बनवणाऱ्या कंपनीचं आजचं कार्यालय त्या घरापासून हाकेच्या अंतरावर असतं. संग्राहकाला अशा गोष्टी मोलाच्या वाटतात. विकणाऱ्याला त्या ठाऊक असाव्यात.

आभाळाला टेकून येणारा आवाज

या संचांची ओढ समजून घ्यायची तर शॉर्टवेव्ह म्हणजे काय ते पाहायला हवं. ढोबळमानाने ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लहरींना शॉर्टवेव्ह म्हणतात. जमिनीपासून शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवर हवेचे विद्युतभारित थर आहेत, त्यांना आयनांबर म्हणतात. शॉर्टवेव्हच्या लहरी या थरांवरून वळून खाली येतात, जमिनीवरून पुन्हा वर जातात आणि अशा उड्या घेत हजारो किलोमीटर पलीकडे पोहोचतात. आयनांबर दिवसा वेगळं वागतं, रात्री वेगळं. म्हणून सकाळी २५ मीटरवर खणखणीत लागणारं स्टेशन रात्री ४१ मीटरवर शोधावं लागायचं. डायलवरचे मीटर आणि मेगाहर्ट्झ यांचा हिशेब सोपा आहे: ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की मीटर मिळतात.

मुंबईने या लहरींचं बळ फार लवकर ओळखलं. ‘छोडो भारत’ आंदोलनात, ऑगस्ट १९४२ मध्ये, बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. तो ४२.३४ मीटरवर, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झच्या जवळ, लागत असे. पोलिसांना माग लागू नये म्हणून प्रक्षेपक शहरातल्या एका घरातून दुसऱ्या घरात हलवला जाई. नोव्हेंबरमध्ये छापा पडेपर्यंत हा आवाज सुरू होता.

स्वातंत्र्यानंतर शॉर्टवेव्ह लोकप्रिय झाली ती गाण्यांमुळे. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरची चित्रपटगीतं आटली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडच्या सैनिकांसाठी उभारलेला शक्तिशाली प्रक्षेपक सिलोनच्या हाती आला होता. त्याचा आवाज भारतभर पोहोचत होता. डिसेंबर १९५२ मध्ये अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिच्या नावावर झाली. आकाशवाणीने याला उत्तर म्हणून विविध भारती आणली ती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी.

बातम्यांसाठीही लोक काटा शॉर्टवेव्हवरच नेत. आणीबाणीत वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला तेव्हा घराघरांत बीबीसी हळू आवाजात लागायची. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी बीबीसीने आकाशवाणीच्या कित्येक तास आधी दिली.

मग एकेक आवाज बंद होत गेला. स्विस रेडिओ इंटरनॅशनल २००४ मध्ये, व्हॉइस ऑफ रशियाची शॉर्टवेव्ह २०१४ मध्ये, रेडिओ ऑस्ट्रेलियाची ३१ जानेवारी २०१७ रोजी, आणि बीबीसी हिंदीची ३१ जानेवारी २०२० रोजी. स्टेशनं कमी झाली तशी ती ऐकवणाऱ्या यंत्राची किंमत वेगळ्या अर्थाने वाढली. ज्यांनी कधीकाळी काटा केसभर सरकवत मॉस्को किंवा कोलंबो शोधलं होतं, ते आता तेच यंत्र हाती धरायला निघाले. उत्तर प्रदेशातल्या अमरोहा जिल्ह्यातल्या रामसिंग बौद्ध यांच्याकडचे रेडिओ गिनीज बुकाने मोजले तेव्हा ते १,२५७ भरले.

आधी ओळख

घरात सापडलेल्या संचाचं पहिलं काम म्हणजे त्याचा मॉडेल क्रमांक शोधणं. तो बहुधा पाठीवर, सेलच्या खणाच्या झाकणाआड किंवा तळाशी छापलेला असतो. कंपनीच्या नावावरून भाव ठरत नाही, मॉडेलवरून ठरतो. एकाच वर्षी एकाच कंपनीने काढलेल्या दोन संचांपैकी एक हजारोंनी सापडतो आणि दुसऱ्यासाठी लोक अडून बसलेले असतात.

संग्राहकांच्या जगात काही नावं मानाची आहेत. शिकागोच्या झेनिथ कंपनीचा ट्रान्स-ओशनिक १९४२ साली आला. कंपनीचे प्रमुख यूजीन मॅकडोनाल्ड यांना समुद्रसफरींचा शौक होता आणि किनाऱ्यापासून दूरही जगाच्या बातम्या लागतील असा उचलता येणारा संच त्यांना हवा होता. त्यातले व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आले ते १९५७ च्या रॉयल १००० मध्ये. त्याची तेव्हाची किंमत २५० डॉलर होती. १९५४ साली बाजारात आलेला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ, रीजन्सी टीआर-१, ४९.९५ डॉलरला मिळत होता, यावरून झेनिथचा थाट कळतो. जर्मनीच्या ग्रुंडिगची सॅटेलिट मालिका आणि नॅशनल पॅनासॉनिकचा १९७० च्या दशकातला आरएफ-२२०० हेही असेच लाडके. १९८५ चा सोनी आयसीएफ-२००१डी, ज्याला अमेरिकेत २०१० म्हणत, हे तर अनेकांच्या यादीत पहिलं नाव असतं. स्टेशनचा आवाज विरघळत-परतत असताना तो स्थिर धरून ठेवायचं तंत्र या सोनीने हातातल्या संचात आणलं.

देशी संचांचं गणित निराळं आहे. मर्फी, बुश, फिलिप्स, नॅशनल-एको यांचं गिऱ्हाईक मुख्यतः भारतातच असतं आणि ते आठवणीपोटी येतं. अशा संचाबरोबर टपाल खात्याची रेडिओ परवान्याची पुस्तिका निघाली तर ती जपून ठेवावी. १९८० च्या दशकापर्यंत रेडिओ बाळगायला परवाना लागे. त्याची फी पोस्टात भरायची आणि पुस्तिकेत तिकिटं चिकटवायची अशी रीत होती. ही पुस्तिका म्हणजे त्या संचाचा जन्मदाखला आणि वास्तव्याचा पुरावा. खरेदीची पावती, इअरफोन, माहितीपुस्तिका, मूळ खोकं आणि कातडी कव्हर यांचाही भाव निराळा मिळतो. कित्येकदा घरचे लोक रेडिओ ठेवतात आणि खोकं फेकून देतात. संग्राहकाला ते खोकंच सापडत नसतं.

झाकण उघडल्यावर

तपासणी सेलच्या खणापासून सुरू होते. नवी मुंबई खाडीकाठी वसलेली आहे. इथली दमट, खारी हवा लोखंडी स्प्रिंगला आणि तांब्याच्या पट्ट्यांना सोडत नाही. त्यात सेल आतच राहिले असतील तर ते फुटून झिरपलेले असतात. अल्कलाइन सेलची पांढरी पूड व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसात बुडवलेल्या कापसाने निघते. जुन्या झिंक-कार्बन सेलचा चिकट थर आम्लधर्मी असतो, त्याला खाण्याच्या सोड्याचं पाणी लागतं. कापूस ओला असावा, निथळता नसावा. पट्टी साफ झाली तरी तिच्याखालची वायर हिरवी पडली असेल, तर तेही गिऱ्हाइकाला सांगायचं.

यानंतर लगेच प्लग खोचायचा मोह होतो. तो आवरावा. अमेरिकेतून आलेला संच ११५ व्होल्टचा असतो, जपानमधला १०० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो लावला तर एका क्षणात ट्रान्सफॉर्मर जळतो आणि पन्नास वर्षं टिकलेली वस्तू खऱ्या अर्थाने भंगार होते. पहिली चाचणी नव्या सेलवरच करावी.

संच सुरू झाला आणि आवाजाचा नॉब फिरवताना खरखर आली, तर घाबरायचं कारण नाही. ती बहुधा नॉबमागच्या पट्टीवरच्या धुळीची असते. स्टेशनचा नॉब फिरतो पण काटा हलत नाही, तर डायलची दोरी तुटलेली असते. ही नेहमीची दुखणी आहेत आणि लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत त्यांचं सामान मिळतं.

एक दुखणं मात्र जवळून बघण्यासारखं आहे. १९६० च्या दशकातल्या अनेक फिलिप्स आणि तशा धर्तीच्या संचांत एएफ-११७ नावाचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर असत. शेंगदाण्याएवढी धातूची टोपी आणि खाली चार तारा. त्यातली एक तार टोपीलाच जोडलेली. वर्षं उलटत जातात तसे टोपीच्या आतल्या बाजूने कथिलाचे केसाहून बारीक तंतू वाढू लागतात. डोळ्यांना न दिसणारा असा एखादा तंतू आतल्या भागाला टेकला की ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो आणि रेडिओ मुका. बाहेरून संच नव्यासारखा, सेल नवे, तरी शॉर्टवेव्हवर शांतता. अनुभवी मेकॅनिक टोपीची ती चौथी तार कापतो आणि बऱ्याचदा रेडिओ पुन्हा बोलू लागतो. असं केलेलं असेल तर वर्णनात लिहावं. जाणकार माणूस झाकण उघडल्यावर ते पाहणारच असतो.

नव्या पिढीच्या संचांचीही अशी ठरलेली दुखणी आहेत. सोनी २००१डीला बाहेरची लांब तार जोडली आणि आभाळ गडगडलं, की एरियललगतच्या पहिल्या टप्प्यातला एक नाजूक ट्रान्झिस्टर जातो. मग शॉर्टवेव्ह फार क्षीण लागते आणि एफएम मात्र उत्तम चालतं. पुस्तकासारखा उघडणारा चिमुकला आयसीएफ-एसडब्ल्यू१०० बिजागरीतल्या पट्टी-वायरपाशी तुटतो. म्हणून ‘एफएम चालतो’ यावरून ‘रेडिओ चालतो’ असं लिहू नये. प्रत्येक बँड वेगळा तपासायचा आणि वेगळा नोंदवायचा.

काही वेळा तर बिघाड नसतोच, देश बदललेला असतो. जपानमध्येच विकण्यासाठी बनलेल्या जुन्या संचाचा एफएम बँड ७६ ते ९० मेगाहर्ट्झ एवढाच असतो. मुंबईची आकाशवाणीची गोल्ड वाहिनी १००.७ वर आणि रेनबो १०७.१ वर, त्यामुळे त्या संचावर दोन्ही लागत नाहीत. तसंच अमेरिकेसाठी बनलेल्या डिजिटल संचाचं. तिथे मीडियमवेव्हवरची स्टेशनं १० किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे ९ च्या. मुंबईच्या आकाशवाणीच्या ५५८, १०४४ आणि ११८८ या तिन्ही आकड्यांना ९ ने भाग जातो. १० च्या पायऱ्यांनी चालणारा संच ५५८ च्या जागी ५६० वर थांबतो आणि आवाज कडेने आल्यासारखा येतो. काही संचांत पायरी बदलायची सोय असते. ती शोधून काढली तर ‘बिघडलेला’ रेडिओ तिथल्या तिथे बरा होतो.

एवढं करताना एक पथ्य पाळावं. रंग देऊ नये, पॉलिशने घासू नये, फुटलेल्या नॉबच्या जागी दुसऱ्या कंपनीचा नॉब बसवू नये. ओल्या कापडाने धूळ पुसली की हात थांबवावा. डायलवरची छपाई तर नखानेही निघते. मूळ अवस्थेतल्या ओरखड्याचा संग्राहक आदर करतो, कारण पुढची दुरुस्ती कशी आणि किती करायची हे त्याला स्वतः ठरवायचं असतं.

खाडीकाठची चाचणी

रेडिओ घरात ऐकून पाहिला तर शॉर्टवेव्हवर नुसतीच भणभण येते आणि विकणारा म्हणतो, बिघडलाय. दोष बहुतेकदा घराचा असतो. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, वायफायचा डबा, लिफ्टची यंत्रणा, सगळेच रेडिओच्या कानात कुजबुजत असतात आणि काँक्रीटच्या भिंती बाहेरच्या लहरी अडवतात.

संच घेऊन संध्याकाळी वाशीच्या सागर विहारला किंवा पाम बीच रस्त्याच्या खाडीच्या बाजूला जावं. सूर्य कलल्यावर ४९, ४१ आणि ३१ मीटरचे पट्टे जागे होतात. चीनची स्टेशनं ठळक लागतात, तीही अनेक भाषांत. १० मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम केंद्राचे सेकंदासेकंदाचे टिकटिक ठोके मिळाले, तर संचाची संवेदनशीलता आणि डायलचा अचूकपणा दोन्ही एकदम कळतात. मोबाइल थोडा दूर धरून याचं दोन मिनिटांचं चित्रण करावं: काटा कुठे आहे, कोणता बँड आहे आणि आवाज कसा आहे हे एकाच चौकटीत दिसू द्यावं. दूरच्या गिऱ्हाइकाला रेडिओ हातात घेता येत नाही. हे चित्रण म्हणजे त्याच्यासाठी रेडिओला लावलेला कान.

भाव कसा बांधायचा

मुंबईत मटन स्ट्रीटचा चोर बाजार आणि पुण्यातला जुना बाजार हे जुन्या रेडिओंचे परंपरागत अड्डे. तिथला दुकानदार पुढे विकण्यासाठी घेतो, त्यामुळे तो आपला नफा राखूनच भाव सांगणार. थेट संग्राहकाला विकायचं तर वेळ जास्त लागतो आणि मोबदलाही जास्त मिळतो.

भाव पाहताना मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष व्यवहार झालेली किंमत यांत गल्लत करू नये. कुणीतरी आपल्या संचासाठी लाख रुपये मागतोय म्हणून तो तेवढ्याचा होत नाही. लिलावांमध्ये तेच मॉडेल खरोखर कितीला गेलं, आणि तेव्हा ते कोणत्या अवस्थेत होतं, हे बघायचं.

वर्णनात ‘वर्किंग’ आणि ‘गुड कंडिशन’ हे शब्द निरुपयोगी आहेत. त्याऐवजी साध्या वाक्यांत लिहावं: मीडियमवेव्ह स्पष्ट लागते, एसडब्ल्यू-१ वर पाच स्टेशनं मिळाली, एसडब्ल्यू-२ मुकी आहे, एरियलचं वरचं पेर तुटलेलं आहे, खणातला एक स्प्रिंग बदललेला आहे, आतून कधी उघडला होता का ते माहीत नाही. फोटो दिवसाउजेडी काढावेत. समोरचा एक, पाठीचा एक, खणाच्या आतला एक, मॉडेल क्रमांकाचा एक, आणि प्रत्येक तड्याचा जवळून एक. दोष लपवलेला संच परत येतो आणि परतीच्या प्रवासात बहुधा फुटतो. दोष सांगितलेला संच घेणारा माणूस तो दोष धरूनच भाव ठरवतो आणि पुढच्या वेळी पुन्हा त्याच विक्रेत्याकडे येतो.

दोन सापळे

जाहिरात दिल्यावर पहिला फोन अनेकदा ठगाचा असतो. तो घासाघीस करत नाही, रेडिओबद्दल एकही प्रश्न विचारत नाही. कधी लष्करात असल्याचं सांगतो आणि पैसे पाठवण्यासाठी म्हणून क्यूआर कोड धाडतो. पैसे मिळण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे आपल्या खात्यातून जाणार, हे नक्की. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करता येते.

दुसरा सापळा ‘लाल पाऱ्या’चा. जुन्या रेडिओत आणि टीव्हीत लाखो रुपयांचा लाल पारा असतो अशी अफवा अधूनमधून उठते. २००९ साली सौदी अरेबियात याच अफवेने सिंगरची जुनी शिलाई यंत्रं प्रचंड भावाने विकली गेली होती. लाल पारा नावाचा असा चमत्कारी पदार्थ अस्तित्वातच नाही. त्याच्या शोधात लोक चांगले संच फोडतात, हे नुकसान मात्र खरं असतं.

खोक्यात भरताना

परदेशी पाठवायचं तर कायद्याची एक शंका हमखास निघते: ही पुरातन वस्तू तर नाही? १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे अशी वस्तू किमान शंभर वर्षं जुनी असावी लागते. ट्रान्झिस्टर रेडिओ मुळात १९५४ पासूनचे, त्यामुळे ते अजून त्या मर्यादेत येत नाहीत.

वजन आधीच करून घ्यावं. नऊ मोठ्या सेलसह झेनिथ रॉयल १००० जवळपास सहा किलो भरतो आणि टपालखर्च वजनावर चढतो. सेल काढूनच टाकायचे. एरियल पूर्ण आत ढकलायची, नॉबांभोवती मऊ कागद गुंडाळायचा, मग बबलचा जाड थर, मग छोटं खोकं. ते मोठ्या खोक्यात ठेवून चारही बाजूंना चार बोटं जागा सोडायची आणि ती गच्च भरायची. मूळ खोकं असेल तर ते आतलं खोकं म्हणून वापरावं, बाहेरचं म्हणून कधीच नाही. पत्त्याचा कागद आणि चिकटपट्टी त्याच्या छपाईवर लागता कामा नये.

सेलच्या रिकाम्या खणात एक चिठ्ठी ठेवावी. त्यावर जाड अक्षरांत: ११५ व्होल्ट, भारतातल्या किंवा युरोपातल्या सॉकेटला थेट लावू नका. खाली: एसडब्ल्यू-२ बंद. त्याखाली, घरच्यांना आठवत असेल तर, हा संच कोणत्या साली, कोणत्या गावाहून घरी आला आणि त्यावर कोणतं स्टेशन लागायचं. मग झाकण लावून खोकं हलवून बघावं. आत काहीही वाजायला नको.